आदन अब्दुल्ले उस्मान यांच्यावर पंचवीस मिनिटांचे व्याख्यान कसे तयार करावे

सोलापुरातल्या वाचनालयांत, महाविद्यालयांच्या इतिहास मंडळांत आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गांत आफ्रिकेवर बोलायचे ठरले की विषय नेल्सन मंडेलांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. सोमालियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान यांचे नाव सभागृहातल्या बहुतेकांनी ऐकलेले नसते. हा माणूस १९६० ते १९६७ सत्तेवर होता, निवडणूक हरला आणि निमूटपणे पद सोडून शेतीकडे गेला. आफ्रिकेत एकामागून एक लष्करी उठाव होत होते त्या काळातली ही गोष्ट आहे. व्याख्यानाचा सगळा भार या पद सोडण्यावर पडला पाहिजे. सत्तेवर ते कसे आले यात वीस मिनिटे गेली आणि कसे उतरले हे घाईघाईत उरकले, तर मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा.

म्हणून आधी वेळ वाटून घ्या, मजकूर नंतर लिहा. जन्मापासून १९४३ पर्यंत तीन मिनिटे, १९४३ ते १९६० पाच मिनिटे, १९६० ते १९६४ पाच मिनिटे, १९६४ ते १९६७ सात मिनिटे, पुढचा सगळा काळ पाच मिनिटे. मराठीत ठाय लयीत बोलताना मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे एकूण मजकूर २७०० शब्दांच्या वर जाता कामा नये. फुलस्केप कागदावर एका पानात अडीचशे शब्द बसतात असे धरले तर अकरा पाने. बारावे पान झाले की पहिल्या भागातून कापा, शेवटच्या भागाला हात लावू नका.

तारखांचा कणा

एका कागदावर तारखा आणि त्या वेळचे त्यांचे वय शेजारी शेजारी लिहा. वय लिहिल्याने दोन फायदे होतात: श्रोत्यांना माणूस दिसतो आणि तुमची चूक तुम्हालाच सापडते. जन्म ९ डिसेंबर १९०८, बेलेदवेयने गावी. १ जुलै १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा वय ५१. जून १९६७ मध्ये पद सोडले तेव्हा ५८. मे १९९० मध्ये हुकूमशहाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली तेव्हा ८१. निधन ८ जून २००७, नैरोबीत, वय ९८. वजाबाकी करताना वाढदिवस डिसेंबरात आहे हे विसरले की प्रत्येक वय एकाने चुकते. ही चूक छापील लेखांतही दिसते.

सोलापूरकर श्रोत्यांना या तारखा लक्षात राहाव्यात म्हणून आपल्याकडचे दोन टेकू पुरेसे आहेत. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता तेव्हा आदन २१ वर्षांचे होते आणि त्यांच्या गावावर मुसोलिनीच्या इटलीचे राज्य होते. दुसरा टेकू जास्त कामाचा आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले आणि सोमाली प्रजासत्ताक १ जुलै १९६० ला, बरोबर दोन महिन्यांनी. वेगवेगळ्या राजवटींखालचे भाग एकत्र आणताना कायदे, दफ्तर आणि नोकरवर्ग जुळवायला काय यातायात पडते, हे अक्कलकोट संस्थानचे विलीनीकरण ज्यांच्या घरात बोलले गेले आहे त्यांना फार समजवावे लागत नाही.

नावे लिहिण्याची रीत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सोमाली माणसाला आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे, आणि बहुतेकांना एक टोपणनाव. आदन हे त्यांचे नाव, अब्दुल्ले वडिलांचे, उस्मान आजोबांचे. देशात ते 'आदन अद्दे' या टोपणनावानेच ओळखले जातात. 'उस्मान यांनी राजीनामा दिला' असे लिहिणे म्हणजे नातवाच्या जागी आजोबांना उभे करणे. पहिल्यांदा पूर्ण नाव लिहा, पुढे सगळीकडे 'आदन अद्दे'. सूचीत नाव लावायचे असेल तर 'आ' खाली लावा, 'उ' खाली नाही.

दुसरी अडचण लिपीची. सोमाली भाषेला रोमन लिपी १९७२ मध्ये मिळाली. तिच्यात 'सी' हे अक्षर अरबीतल्या 'ऐन' साठी वापरतात आणि 'एक्स' हे अक्षर घशातून काढलेल्या 'ह' साठी. त्यामुळे सोमाली मजकुरात 'सी'ने सुरू होणारे अब्दुल्ले हे नाव कोणी 'कॅबडुले' वाचतो, 'सी'ने सुरू होणारे अली 'काली' होते, आणि मधे 'एक्स' असलेले महंमद 'मॅक्समेड' होऊन बसते. पडताळण्याचा सोपा मार्ग असा: नावातला 'सी' काढून टाका, 'एक्स'च्या जागी 'ह' ठेवा आणि पुन्हा वाचा. बहुतेक वेळा ओळखीचे अरबी नाव समोर येते. तरीही शंका राहिली तर उर्दू शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना यादी दाखवा. ते तुम्हाला दहा मिनिटांत सगळी नावे सरळ करून देतील. सोलापुरात ही सोय दर चार गल्ल्यांवर आहे, तिचा उपयोग करून घ्या.

जुन्या कागदपत्रांत तिसरा प्रकार भेटतो, तो इटालियन वळणाचा. बेलेदवेयने तिथे 'बेलेट उएन' असते, किस्मायो 'किसिमायो' असते. एकाच गावाची दोन नावे दोन गावे समजून नकाशावर दोनदा मांडली जातात. शोध घेताना सोमाली, इटालियन आणि इंग्रजी अशी तिन्ही रूपे घालून पाहा. आणि मराठीत 'एडन' लिहू नका, 'आदन'च लिहा. एडन म्हटले की जुन्या वाचकाच्या डोळ्यांपुढे येमेनचे बंदर आणि वासुदेव बळवंतांची काळकोठडी येते.

व्याख्यानात मुख्य नेत्याखेरीज चारच नावे घ्या: पहिले पंतप्रधान अब्दिरशीद अली शर्मार्के, त्यांच्या जागी आलेले अब्दिरझाक हाजी हुसेन, उत्तरेतले नेते मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल आणि पुढचे हुकूमशहा सियाद बारे. यांतली पहिली दोन ऐकायला इतकी सारखी आहेत की श्रोते हमखास गोंधळतात. एकाला शेवटपर्यंत 'शर्मार्के' म्हणा आणि दुसऱ्याला 'अब्दिरझाक'. पाचवे नाव आले की मागच्या रांगा सुटल्या.

नकाशा

नकाशाशिवाय हे व्याख्यान करूच नका. प्रोजेक्टर असला तरी हाताने काढलेला एक मोठा नकाशा भिंतीवर हवा, कारण पडद्यावरचा नकाशा पुढचे चित्र आले की जातो आणि इथे श्रोत्यांना तो पूर्ण वेळ समोर लागतो.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा २२ बाय २८ इंची पांढरा चार्ट पेपर घ्या, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटर. तो आडवा धरा. सोमालिया विषुववृत्तावर आणि त्याच्या जवळ असल्याने अक्षांश आणि रेखांश यांचे अंतर तिथे जवळपास सारखेच पडते, म्हणून सरळ चौकटी आखल्या तरी चालते. एका अंशाला ३.५ सेंमी धरा. पूर्व रेखांश ३६ ते ५२ घेतले की रुंदी ५६ सेंमी होते. उत्तरेला १३ अंशांपासून दक्षिणेला २ अंशांपर्यंत उंची ५२.५ सेंमी होते. चौकटी उजवीकडे सरकवा, डावीकडची १५ सेंमीची पट्टी तारखांसाठी राहते. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३२ किलोमीटर.

आता ठिकाणे मांडा. मोगादिशू २.० उत्तर, ४५.३ पूर्व. बेलेदवेयने ४.७ उत्तर, ४५.२ पूर्व, म्हणजे मोगादिशूच्या जवळजवळ सरळ वर साडेनऊ सेंटिमीटरवर. हर्गेसा ९.६ उत्तर, ४४.१ पूर्व. लास अनोद ८.५ उत्तर, ४७.४ पूर्व. जिबुती ११.६ उत्तर, ४३.१ पूर्व. किस्मायो ०.४ दक्षिण, ४२.५ पूर्व. अदिस अबाबा ९.० उत्तर, ३८.७ पूर्व. नैरोबी १.३ दक्षिण, ३६.८ पूर्व. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे किस्मायो विषुववृत्ताच्या वर मांडणे. शून्याची रेघ आधी जाड काढून ठेवा. हर्गेसा ते मोगादिशू पट्टीने मोजा, २७ सेंमीच्या आसपास आले तर नकाशा बरोबर आहे. सोमालियाचे क्षेत्रफळ सुमारे ६,३७,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे जास्त. हा आकडा कोपऱ्यात लिहा.

रंग पाच लागतात आणि ते का लागतात हेच व्याख्यानातले अर्धे राजकारण आहे. ब्रिटिश सोमालीलँड, इटालियन सोमालीलँड, फ्रेंचांकडचे जिबुती, इथिओपियातला ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग, या पाच ठिकाणी सोमाली भाषक राहत होते. १९५४ मध्ये स्वीकारलेल्या निळ्या झेंड्यावरच्या ताऱ्याला पाच टोके याच पाच भागांसाठी आहेत. प्रजासत्ताकात आले ते पहिले दोनच. त्यांना भरीव रंग द्या आणि उरलेल्या तिघांना तिरप्या रेघा. सगळेच भरीव रंगवले तर ते भाग सोमालियाचेच होते असा समज होतो, आणि मग पुढचे सीमातंटे कोणालाच कळत नाहीत. गावांची नावे किमान दीड सेंमी उंचीच्या अक्षरांत, काळ्या मार्करने.

पहिला भाग आटोपशीर ठेवा

बेलेदवेयने हे शबेल्ले नदीकाठचे, इथिओपियाच्या सीमेजवळचे गाव. मुलाला शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही, जे आले ते स्वतःच्या मेहनतीने. तरुणपणी इटालियन प्रशासनात नोकरी, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश फौजांनी मोगादिशू घेतल्यावर व्यापार. १५ मे १९४३ रोजी तेरा तरुणांनी मोगादिशूत सोमाली युवक क्लब काढला, १९४७ मध्ये तोच सोमाली यूथ लीग हा पक्ष झाला. आदन अद्दे १९४४ मध्ये त्यात आले. ते संस्थापकांपैकी नव्हते, तेरांच्या यादीत त्यांचे नाव घालू नका.

पुढचे टप्पे भरभर: १९५० मध्ये दक्षिण भाग, म्हणजे इटालियन सोमालीलँड, संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश म्हणून दहा वर्षांसाठी पुन्हा इटलीकडे गेला, पण या वेळी स्वातंत्र्याची तारीख आधीच ठरवून. १९५६ च्या निवडणुकीत लीगने ७० पैकी ४३ जागा जिंकल्या आणि आदन अद्दे विधानसभेचे अध्यक्ष झाले. या पदाबद्दल दोन वाक्ये जास्त बोला. सभागृह चालवणारा, दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा माणूस ही त्यांची घडण तिथे झाली आणि पुढे ती कामी आली.

२६ जून १९६० ला उत्तरेकडचे ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाले, १ जुलैला दक्षिणेकडचा इटालियन भाग, आणि त्याच दिवशी दोघे एक झाले. हे पाच दिवस श्रोते नेहमी विचारतात, कारण आजचे सोमालीलँड वेगळेपणाच्या दाव्यात त्यांचाच आधार घेते. नव्या राष्ट्रसभेत १२३ सदस्य: दक्षिणेचे ९०, उत्तरेचे ३३. या सभेने आदन अद्दे यांना राष्ट्राध्यक्ष केले.

इथे एक खुलासा करून टाका, नाहीतर पुढचे सगळे चुकीचे समजले जाते. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडलेला नव्हता, राष्ट्रसभेने गुप्त मतदानाने निवडलेला होता. आपल्या राष्ट्रपतींसारखा तो नामधारीही नव्हता, पंतप्रधान कोणाला नेमायचे हे ठरवण्यात त्याचा शब्द खरोखर चाले. १९६७ चा निकाल या एका अधिकारातून निघतो.

१९६० ते १९६४ मध्ये अडचणींची रांग आहे, त्यांतल्या तीनच घ्या. पहिली, जोडणीची: उत्तरेत कारभार इंग्रजीत, दक्षिणेत इटालियनमध्ये, कायदे वेगळे, पगार वेगळे, आणि स्वतःची भाषा लिहायला मान्य लिपी नाही. जून १९६१ च्या घटनेवरील सार्वमतात देशाने कौल दिला, पण उत्तरेतल्या मुख्य पक्षाने बहिष्कार घातला आणि तिथे पडलेल्या मतांत विरोध जास्त होता. त्याच डिसेंबरात उत्तरेतल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांचा उठाव फसला. दुसरी, सीमांची: मार्च १९६३ मध्ये केनियातल्या सोमाली भागावरून ब्रिटनशी संबंध तोडले गेले, मे १९६३ मध्ये अदिस अबाबात आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन होताना आदन अद्दे यांनी हा प्रश्न तिथेच मांडला, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये इथिओपियाशी छोटे युद्ध झाले. तिसरी, शस्त्रांची: १९६३ मध्ये सोव्हिएत संघाची लष्करी मदत घेतली गेली. ही शेवटची गोष्ट एका वाक्यात सांगा, पण गाळू नका. पुढे सत्ता घेणारे सैन्य याच मदतीने वाढले.

सात मिनिटांचा गाभा

मार्च १९६४ च्या निवडणुकीनंतर शर्मार्केच पुन्हा पंतप्रधान होतील अशी सर्वांची अटकळ होती. आदन अद्दे यांनी जूनमध्ये अब्दिरझाक हाजी हुसेन यांना नेमले. अब्दिरझाक भ्रष्टाचाराविरुद्ध कडक, कामाच्या लायकीवर माणसे निवडणारे. दोघेही एकाच पक्षाचे, त्यामुळे पक्ष आतून दुभंगला. अब्दिरझाकांचे पहिले मंत्रिमंडळ राष्ट्रसभेत विश्वासमत हरले, दुसऱ्या प्रयत्नात सप्टेंबरमध्ये टिकले. दुखावलेले शर्मार्के राष्ट्राध्यक्षांचे प्रतिस्पर्धी झाले. उत्तरेतले वजनदार नेते इगाल लीगमध्ये आले आणि शर्मार्केंच्या बाजूला उभे राहिले. १० जून १९६७ रोजी राष्ट्रसभेने शर्मार्केंना निवडले आणि त्यांनी इगाल यांना पंतप्रधान केले.

हा घटनाक्रम याच क्रमाने सांगा. पुष्कळ वक्ते थेट जून १९६७ वर उडी मारतात आणि आदन अद्दे यांना संत करून टाकतात. तसे केले तर हार आकाशातून पडल्यासारखी वाटते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक राजकीय निर्णय घेतला, त्याची किंमत काय होऊ शकते हे त्यांना दिसत होते, आणि किंमत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती दिली. मतमोजणीवर वाद नाही, आणीबाणी नाही, सैन्याला साद नाही. नियम त्यांच्याच हयातीत, त्यांच्याच सभागृहात घडले होते, आणि ते त्यांच्याविरुद्ध लागू झाले तेव्हाही त्यांनी ते मानले. इथे आवाज चढवू नका, उलट थोडे थांबा. श्रोत्यांना आपापल्या आठवणी जुळवायला वेळ लागतो.

आफ्रिकेत निवडणूक हरून शांतपणे सत्ता सोपवणारे ते पहिले राष्ट्रप्रमुख, असे त्यांच्याबद्दल सर्रास म्हटले जाते. हे वाक्य वापरताना 'निवडणूक हरून' आणि 'राष्ट्रप्रमुख' हे दोन्ही शब्द ठेवा. नुसते 'सत्ता सोडणारे पहिले आफ्रिकी नेते' म्हटले की दावा फुगतो आणि प्रश्नोत्तरांत टिकत नाही.

कुळांचा उल्लेख एकदाच करा. आदन अद्दे हाविये कुळसमूहाचे, तर शर्मार्के आणि अब्दिरझाक दोघेही दारूद कुळसमूहाचे. भांडण झाले ते दोन दारूद नेत्यांतल्या निवडीवरून, म्हणून 'कुळांच्या वैरातून हरले' हे सरधोपट उत्तर इथे लागूच पडत नाही. कुळाला मराठीत 'जात' म्हणू नका. तिथे बहुतेक सगळे एकच भाषा बोलतात, एकच धर्म पाळतात, आणि कुळ हे वडिलांकडच्या वंशावळीने ठरते.

पद सोडल्यानंतर

शर्मार्के यांची १५ ऑक्टोबर १९६९ रोजी लास अनोद इथे हत्या झाली आणि २१ ऑक्टोबरला सियाद बारे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली. घटना स्थगित, पक्ष बंद. या सहा दिवसांच्या दोन्ही तारखा नकाशाच्या पट्टीत लाल शाईने लिहा. शर्मार्के यांच्या हत्येत आणि आदन अद्दे यांच्या पराभवात धागा जोडण्याचा मोह काहींना होतो. तो जोडू नका.

आदन अद्दे शबेल्लेच्या खालच्या खोऱ्यात, मोगादिशूच्या नैऋत्येला शेती करत राहिले. तो पट्टा केळीच्या निर्यातीसाठी प्रसिद्ध होता. सभागृहात करमाळा-कंदरकडची मंडळी असतील तर पाणी नदीच्या कालव्यांचे होते हेही सांगा, ते विचारतातच. मग मे १९९० मध्ये शंभराहून अधिक प्रतिष्ठित नागरिकांनी सियाद बारे यांच्या राजवटीविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि सह्या करणाऱ्यांत ८१ वर्षांचे आदन अद्दे होते. राजवटीने धरपकड केली. पुढच्या जानेवारीत, २६ तारखेला, सियाद बारे मोगादिशूतून पळाले आणि देशात यादवी माजली. २००७ मध्ये आदन अद्दे गेले आणि त्याच वर्षी मोगादिशूच्या विमानतळाला त्यांचे नाव मिळाले.

दिवस, वेळ, प्रश्नोत्तरे

जानेवारीच्या मध्यात कार्यक्रम ठेवू नका, गड्ड्याच्या यात्रेत सभागृह रिकामे राहील. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी साडेसहाच्या आत कोणी घराबाहेर पडत नाही. १ जुलै किंवा त्याच्या आसपासचा शनिवार विषयाला शोभतो. नकाशाला मागून पुठ्ठा लावा, पंख्याखाली चार्ट पेपर फडफडतो आणि टाचण्या सुटतात.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवा. पहिला प्रश्न समुद्री चाच्यांचा येणार हे धरून चाला. मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ३५ चाच्यांना मुंबईत आणले ते लोकांच्या लक्षात आहे. उत्तर थोडक्यात द्या: चाचेगिरी १९९१ नंतर राज्यच कोसळल्यामुळे फोफावली, आदन अद्दे यांच्या काळाशी तिचा संबंध नाही. दुसरा प्रश्न सोमालीलँडचा. तिथे १८ मे १९९१ ही वेगळेपण जाहीर केल्याची तारीख सांगा, आणि १९६१ च्या सार्वमतावर बोट ठेवून नाराजी किती जुनी आहे ते नकाशावर दाखवा. तिसरा प्रश्न बहुधा असा असतो: ते इतके चांगले होते तर देश का मोडला? याला एका वाक्यात उत्तर देऊ नका. त्यांनी पद सोडल्यावर दोन वर्षे आणि चार महिन्यांनी लष्कर आले, आणि ते एकवीस वर्षे राहिले, एवढा हिशेब फळ्यावर मांडा आणि चर्चा श्रोत्यांकडे सोपवा.

जाताना वाटायला एक पानी कागद तयार ठेवा: वर पाच नावे बरोबर उच्चारासह, खाली तारखा आणि वये, मागच्या बाजूला छोटा नकाशा. चाळीस प्रती पुरतात.